कुंभाराचं गाढव

केंद्रप्रमुख होतो तेव्हा दर महिन्याच्या आढावा बैठकीत मला विचारला जाणारा पहिला प्रश्न कधी बदलला नाही: पट किती? मुलं वाचायला लागली का, हा प्रश्न चहा येऊन गेल्यावर, वेळ उरला तर. माझ्या केंद्रात तेरा शाळा होत्या, त्यातल्या आठ डोंगरावरच्या वाड्यांत. या आठांची नावं निघाली की बैठकीत एक हसू पसरायचं. नऊ पट, बारा पट, सात पट. ‘अहो, तिथं काय शिकणार मुलं?’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की ते आता कुणा एकाचं राहिलेलं नाही. अग्रलेखांत ते येतं, सादरीकरणाच्या पडद्यावर येतं, आणि गंमत म्हणजे चार वर्गांच्या एका खोलीत शिकून साहेब झालेली माणसंही ते म्हणतात. मला त्या वाक्याशी भांडायचंय.

भांडायचं तर समोरच्याचा पक्ष आधी पुरता मांडला पाहिजे, आणि तो पक्ष दुबळा नाही. शिक्षण विभागाच्याच आकडेवारीनुसार राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यात सुमारे १ लाख ८५ हजार मुलं आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक येतात. सहा मुलांमागे एक पगार, आणि तरीही पहिली ते चौथी एकाच फरशीवर. खो-खोला संघ पुरा होत नाही, स्पर्धेला जोडीदार नाही, गणिताला वेगळा शिक्षक नाही. त्यापेक्षा पाच-सहा वाड्यांची मुलं गाडीनं एका सुसज्ज शाळेत आणावीत. तिथं प्रयोगशाळा असेल, ग्रंथालय असेल, इयत्तेला स्वतंत्र वर्ग असेल. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत सामावून घ्यायचा निर्णय झाला तो याच युक्तिवादावर. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे प्रस्ताव मागवणारं पत्र निघालं, त्यामागेही हाच विचार. त्या पत्रात पानशेत आणि तोरणमाळच्या अशा शाळांचे दाखले दिले होते. महाराष्ट्र यात एकटा नाही. राजस्थाननं २०१४ मध्ये हजारो शाळा जोडल्या, पाठोपाठ झारखंड, मध्य प्रदेश, ओडिशा आले, २०२५ मध्ये उत्तर प्रदेश. देशभरात साठहून कमी पट असलेल्या सरकारी शाळांचं प्रमाण ‘असर’च्या पाहणीत २०१० साली १७.३ टक्के होतं, २०२२ मध्ये २९.९ टक्के झालं. तेव्हा प्रश्न खरा आहे आणि वाढता आहे, हे मान्य.

मला मान्य नाही ते यातलं कार्यकारण. न्यायशास्त्राच्या पोथ्यांत घटाच्या कारणांची चर्चा येते. माती, चाक, दांडा, कुंभार, ही कारणं. मग एक गाढव येतं. माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली तेही घट होण्याआधी तिथं होतंच की. मग त्याला घटाचं कारण का म्हणू नये? नैयायिक म्हणतात, ते अन्यथासिद्ध: कार्याच्या आधी हजर असलं तरी त्याच्यावाचून कार्य अडत नाही. लहान शाळेतलं मूल मागे पडतं तेव्हा तिथं कमी पट हजर असतो. पण आणखी काय काय हजर असतं ते मोजा. गाव रस्त्यापासून लांब. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर. बदल्यांत अशा शाळा शेवटी भरल्या जातात आणि आधी रिकाम्या होतात. दोन मंजूर शिक्षकांपैकी एक तालुक्याला, कधी माहिती भरायला, कधी मतदार याद्यांच्या कामाला. यातलं प्रत्येक कारण मुलाच्या वाचनावर थेट बोट ठेवतं. आपण मात्र गाढव पकडलंय, कारण त्याची नोंद हजेरीपटावर आयती मिळते.

गाढव की कारण, हे ओळखायची कसोटी सोपी आहे: पट वाढवा, बाकी तेच ठेवा आणि काय होतं ते बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच असा हिशेब दिला आहे. आता बारा पटाच्या पाच शाळा एकत्र करा. मुलं झाली साठ. आधी शिक्षक दहा होते, आता अनुसूचीप्रमाणे दोन पुरतात. इयत्ता पाच त्या पाचच. म्हणजे ज्या जोडवर्गातून, अनेक इयत्तांच्या एकत्र वर्गातून, मुलांना सोडवायचं म्हणून हा सगळा खटाटोप केला, तो जोडवर्ग तसाच राहिला. फक्त आधी एका शिक्षकापुढे सहा मुलं होती, आता तीस आहेत. इयत्तेला एक शिक्षक हवा असेल तर पट १२१ लागतो. बारा पटाच्या अकरा वाड्या. सह्याद्रीच्या उतारावर अकरा वाड्या गोळा करायला किती डोंगर ओलांडावे लागतात, हे नकाशावर बोट ठेवून नाही, पायी चालून सांगतो: दोन दिवस.

यावर उत्तर येतं की समूह शाळेत शिक्षक कमी करणारच नाही, दहाच्या दहा ठेवू. उत्तम. मग पैसे कुठून वाचले? वर गाडीचं भाडं, चालक, मदतनीस, डिझेल. शिक्षक कमी केले तर गुणवत्तेचा दावा पडतो, ठेवले तर बचतीचा. उभयतःपाश म्हणतात तो हा, दोरीला दोन्हीकडून फास. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ, गरीब राज्याचा हा अनुभव घेऊन झालाय. १९९० नंतरच्या दशकभरात तिथं तीनशेहून अधिक शाळा बंद केल्या, नव्या इमारतींवर अब्जाहून जास्त डॉलर घातले. २००२ मध्ये तिथल्या ‘चार्ल्सटन गॅझेट’नं लेखमाला चालवली तेव्हा दिसलं की मुलं बसमध्ये लांबचा प्रवास करताहेत आणि कबूल केलेली बचत काही सापडत नाही.

आता जोडवर्गाबद्दल. लहान शाळेवरचा सगळ्यात जड आरोप हाच, आणि सगळ्यात कमी तपासलेलाही.

जुलैचा दिवस. नऊ पटाची शाळा, पत्र्यावर पाऊस इतका की परिपाठाची प्रार्थना मुलांच्या ओठांवरून वाचावी लागत होती. दुसरे गुरुजी तालुक्याला गेलेले. बाई एकट्या. मी मागे भिंतीला टेकून बसलो, शेरेबुकात काय लिहावं याचा विचार करत. बाईंनी पहिलीच्या दोघांपुढे काड्यांच्या जुड्या ठेवल्या आणि तिसरीतल्या एका मुलीला त्यांच्याजवळ बसवलं. दुसरीच्या तिघांना फळ्याच्या खालच्या भागात शब्द लिहायला लावले. तो भाग मुलांच्या हाताच्या उंचीला काळा रंगवून घेतलेला होता. चौथीच्या दोघांना घेऊन त्या स्वतः हातच्याच्या वजाबाकीला बसल्या. तिसरीची दुसरी मुलगी वाचनपेटीतलं पुस्तक घेऊन दारात. दहाएक मिनिटांनी वजाबाकीत बाईंनी विचारलं, ‘तिनातून आठ जात नाहीत, मग काय करायचं?’ उत्तर चौथीकडून आलंच नाही. पहिलीतला एक जण जुडीचं रबर काढता काढता म्हणाला, ‘जुडी फोडायची.’ त्याला कुणी विचारलं नव्हतं. बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि त्याला म्हणाल्या, ‘ये, दाखव ह्यांना.’ तो आला. दाखवली. चौथीतल्या दोघांना त्याचा थोडा रागही आला असावा.

हा प्रसंग मी पुरावा म्हणून देत नाही. चांगल्या बाई कुठंही चांगल्याच असतात, हे मलाही कळतं. पण तिथं जे चाललं होतं त्याला शिक्षणशास्त्रात नाव आहे आणि त्याचा अभ्यासही झालेला आहे. नेदरलँड्सच्या सायमन वेनमन यांनी १९९५ मध्ये जोडवर्गांवरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष दोन्ही बाजूंच्या भक्तांना निराश करणारा होता: जोडवर्ग इयत्तावार वर्गापेक्षा वाईट नाहीत, आणि चांगलेही नाहीत. कोलंबियात सत्तरच्या दशकात व्हिकी कोलबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस्क्वेला नुएव्हा’, म्हणजे नवी शाळा, उभी केली ती खेड्यातल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठीच: मुलांनी आपल्या गतीनं पुरं करायचं स्वाध्यायसाहित्य, गटात बसणं, मोठ्यांनी लहानांना शिकवणं. १९९८ मध्ये युनेस्कोनं लॅटिन अमेरिकेतल्या देशांची तुलना प्रसिद्ध केली तेव्हा मोठी शहरं वगळता खेड्यातल्या शाळा शहरी शाळांच्या पुढे असलेला देश एकच निघाला, कोलंबिया. इतकं लांबही जायला नको. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीनं आसपासच्या वाड्यांतल्या एकखोली शाळांसाठी कार्डांची शिडी तयार केली. तीच पद्धत आधी चेन्नई महापालिकेच्या शाळांनी आणि मग तमिळनाडूनं राज्यभर उचलली. वाडीतली रीत महानगरात गेली.

उलट बाजूनं विचारू. मोठ्या शाळेतल्या पाचवीच्या वर्गात चाळीस मुलं बसलीत. ती खरंच एका इयत्तेची असतात का? ‘असर’ २०२२ प्रमाणे ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी ४२.८ टक्के. म्हणजे त्या वर्गात दाखल्यावर सगळे पाचवीचे, प्रत्यक्षात पहिलीपासून पाचवीपर्यंतचे सगळे. जोडवर्गच तो, फक्त कबूल न केलेला. म्हणूनच ‘प्रथम’ या संस्थेनं रुजवलेल्या पद्धतीत दिवसातला काही वेळ इयत्ता मोडून मुलांना पातळीप्रमाणे बसवतात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वर्षानुवर्षं तपासली आणि उपयोगी ठरवली. मोठ्या शाळेनं तासभर जे करावं असं आपण परिपत्रक काढून सांगतो, ते लहान शाळा साडेदहा ते पाच करते. मग तिला मागास कशी म्हणायची?

खरा दोष आहे तो वेगळाच, आणि त्यात आमच्या खात्याचा हात आहे. माझ्या डी.एड.च्या दोन वर्षांत मी जेवढे सराव पाठ घेतले ते सगळे एका इयत्तेच्या, एका घटकाच्या, पस्तीस मिनिटांच्या साच्यात. पहिली नेमणूक मिळाली ती चार इयत्तांच्या खोलीत. पोहायला शिकवताना हौद दाखवला आणि उडी मारायला लावली नदीत. टाचण वही इयत्तावार, वार्षिक नियोजन इयत्तावार, पाठ्यपुस्तकं इयत्तावार, तपासणीचे रकाने इयत्तावार. या सगळ्या कागदांशी खोटं बोलत बोलत चांगला शिक्षक जोडवर्ग चालवतो, आणि साधा शिक्षक चारही इयत्तांना एकाच वेळी शुद्धलेखन घालतो. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जे करून दाखवलं आणि ज्याच्या बळावर जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला, त्याचं मर्म जमिनीवरच्या रांगोळीसारख्या आखण्यांत नव्हतं. मूल कुठं आहे ते बघून तिथून पुढं न्यायचं, एवढंच ते होतं. पुढं पुष्कळ ठिकाणी फरशा रंगल्या आणि मर्म राहून गेलं, ते जाऊ द्या.

इथं माझ्याच पक्षातल्या लोकांना थोडं नाराज करतो. लहान शाळांचे कैवारी एखादी गाजलेली वाडीची शाळा पुढं करतात: बघा, जगभर नाव झालं. असल्या शाळांबद्दल मला आदर आहे, पण वादात तो पुरावा चालत नाही. हॉवर्ड वेनर हे संख्याशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी हॅरिस झ्वेर्लिंग यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळांचे निकाल लावून पाहिले. सर्वोत्तम पन्नास शाळांत सगळ्यात लहान पन्नासांपैकी सहा होत्या. योगायोगानं एक-दोनच असायला हव्या होत्या. लहान शाळांचा विजय! मग त्यांनी तळाच्या पन्नास पाहिल्या. तिथं त्याच लहान शाळांपैकी नऊ. कारण साधं आहे: मुलं थोडी असली की सरासरी उड्या मारते. माझ्या केंद्रातल्या एका शाळेत चौथीला चारच मुलं. एका वर्षी चारही शिष्यवृत्तीच्या तयारीत पक्की, पुढच्या वर्षी दोघांना परीक्षेच्या दिवशी ताप. पहिल्या वर्षी सत्कार, दुसऱ्या वर्षी कारणे दाखवा. शाळा तीच, बाई त्याच. गेट्स फाउंडेशननं २००० नंतर अमेरिकेत लहान हायस्कुलांवर प्रचंड पैसा ओतला आणि काही वर्षांनी हात आखडता घेतला, त्यामागे मोजणीतला हा भुलावाही होता असं वेनर सुचवतात. पुढं न्यू यॉर्कमध्ये सोडतीनं प्रवेश मिळालेल्या मुलांचा माग काढला तेव्हा लहान हायस्कुलांतली मुलं शिक्षण पुरं करण्यात पुढं निघाली, हेही खरं. पण तिथली ‘लहान’ म्हणजे चारशेच्या घरातली शाळा. आमच्याकडे एवढ्या पटाच्या शाळेला पहिल्या दिवशी हार घालतील. परदेशी संशोधनातला लहान हा शब्द जसाच्या तसा उचलून वाडीवर चिकटवता येत नाही, ना बाजूनं ना विरुद्ध. गाढवाला दोष नको तसा हारही नको.

असं असताना लहान शाळेची बाजू मी घेतो ती कशाच्या जोरावर? दोन गोष्टींच्या. एक, मोठ्या शाळेचा तोटा कुणाच्या वाट्याला येतो. आणि दुसरी, अंतर.

पहिली थोडक्यात. क्रेग हाउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शाळेचा आकार, गरिबी आणि गुण यांचा एकत्र हिशेब मांडला. शाळा मोठी झाली की सुखवस्तू वस्तीतल्या मुलांचं फारसं बिघडत नाही, कधी भलंही होतं. गरीब वस्तीतल्या मुलांचं बिघडतं. शाळा लहान असली की गरिबी आणि गुण यांच्यातली गाठ सैल होते. कारण शोधायला फार खोल जावं लागत नाही. १९६४ मध्ये रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी कॅन्ससमधल्या हायस्कुलांचा अभ्यास छापला, त्यात दिसलं की मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात, पण लहान शाळेतलं प्रत्येक मूल जास्त उपक्रमांत उतरतं. प्रेक्षक म्हणून बसायला तिथं कुणाला परवडतच नाही. नऊ पटाच्या शाळेत परिपाठाला सुविचार सांगायची पाळी दर पंधरवड्याला येते, ती टाळता येत नाही. नाटकात सगळ्यांना काम असतं, झाडालासुद्धा संवाद असतो. तीनशेच्या शाळेत कातकऱ्याचं मूल वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसू शकतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. ‘लहान शाळेत सामाजीकरण होत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे गप्प बसणंही एकदा मोजावं.

आता अंतर. या वादातली सगळ्यात भक्कम चाचणी अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतातली आहे. डॅना बर्ड आणि ली लिंडेन यांनी ३१ गावांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून गावातच छोटी शाळा दिली. बाकीच्यांची मुलं लांबच्या सरकारी शाळेत जात राहिली. गावात शाळा आली तिथं शंभर मुलांमागे बेचाळीस जास्त शाळेत आली. मुलींत हा आकडा बावन्न. गुणही वाढले, आणि शाळेत येण्यातली मुलामुलींतली दरी जवळपास बुजली. अंतर मैलानं वाढलं की शंभरातली सोळा मुलं गळतात असा त्यांचा हिशेब, आणि गळणाऱ्यांत मुली जास्त. म्हणजे आमच्या इथं नववीच्या मुलीचं लग्न ठरतं तेव्हा आई जे म्हणते, ‘लांब आहे हो शाळा’, त्याचं हे गणिती रूप.

‘सायकली द्या, गाड्या द्या’ हे उत्तर पोकळ नाही. बिहारनं नववीच्या मुलींना सायकली दिल्या तेव्हा प्रवेश खरोखरच वाढले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी ते मोजून दाखवलंय. पण ती चौदा वर्षांची मुलगी होती आणि गंगेचं सपाट मैदान होतं. सहा वर्षांचं पोर सायकलवरून घाट उतरत नाही. गाडीचं म्हणाल तर चीननं २००१ पासून खेड्यातल्या शाळा धडाक्यानं एकत्र केल्या. दशकभरात दिवसाला साठेक प्राथमिक शाळा नाहीशा झाल्या असा तिथल्याच अभ्यासकांचा हिशेब आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये गान्सू प्रांतात नऊ आसनांच्या गाडीत साठाहून जास्त माणसं कोंबली होती. अपघातात एकोणीस बालवाडीची मुलं गेली. पुढच्या वर्षी सरकारनं शाळा एकत्र करण्याला लगाम घातला. वाहतूक भत्ता कागदावर मंजूर असणं आणि श्रावणात निसरड्या उतारावर गाडी वेळेवर येणं यांतलं अंतर मी पाहिलेलं आहे. आठवड्यातून दोन दिवस गाडी आली नाही की तिसऱ्या दिवशी पोर शेळ्या घेऊन जातं, आणि तोंडानं कुणीही म्हणत नाही की शाळा सुटली.

अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी डहाणूजवळ कोसबाडला कुरणशाळा भरवल्या त्या याच अनुभवातून. पोर गुरांमागे जातं, मग शाळेनं कुरणात जावं. वर्ष २००० च्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या, महिना हजार रुपये मानधनावर निमशिक्षकांनी त्या चालवल्या, त्यामागेही हेच होतं. ‘लहान शाळा म्हणजे नियोजनाची चूक’ असं आज कुणी म्हणतं तेव्हा मला नवल वाटतं. ती चूक नव्हती. मूल शाळेपर्यंत येत नाही हे मान्य करून, शाळा मुलापर्यंत नेण्याचं धोरण होतं ते, पूर्ण शुद्धीवर घेतलेलं.

राहिला विरोधकांचा सगळ्यात धारदार मुद्दा, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय कारण त्याचं पुरं उत्तर माझ्याकडे नाही. ते म्हणतात, तुम्ही लहान शाळेचे गोडवे गाता, पण पालकांनी पायांनी मत दिलंय. वाडीत सकाळी पिवळी व्हॅन येते आणि टाय लावलेली चार पोरं इंग्लिश मीडियमला जातात. म्हणूनच तर पट नऊवर आला. बरोबर. पण व्हॅनमध्ये कोण चढतं ते बघा. ज्यांना फी झेपते ती. आणि घरात बहीणभाऊ असतील तर बहुधा भाऊ. मागे उरलेल्या नऊंत मुली जास्त, भूमिहीनांची जास्त, ऊसतोड्यांची जास्त. त्या नऊंची शाळा बंद करणं म्हणजे गेलेल्यांच्या निवडीची शिक्षा राहिलेल्यांना देणं. शिवाय पालक वाडीची शाळा सोडतात ते ती लहान आहे म्हणून? मी विचारलंय. कुणी म्हणालं गुरुजी थांबत नाहीत, कुणी म्हणालं इंग्रजी. पट जास्त हवा म्हणून मुलाला हलवलं असं सांगणारा एकही बाप मला भेटला नाही.

दोन गोष्टी मी सोडूनही देतो. सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा जाणकार शिक्षक लागतो, तो प्रत्येक वाडीला मिळणार नाही. अकरा-बारा वर्षांची मुलं थोडं लांब गेली, सोबतीनं गेली, तर चालेल, आणि कायद्याचे नियमही तिथं तीन किलोमीटर धरतात, पहिली ते पाचवीला मात्र एकच. आणि जिथं दोन शाळा एकाच आवारात किंवा हाकेच्या अंतरावर आहेत, पट दोन-तीनवर आलाय, तिथं हट्ट नको. पण ‘समूह’ हा शब्द ज्या कोठारी आयोगानं १९६४-६६ मध्ये पुढं आणला, त्याच्या मनातला शाळासमूह म्हणजे एक माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांनी शिक्षक, साहित्य, प्रयोगशाळा वाटून वापरणं. कुलूप लावणं त्यात नव्हतं. २०२० चं राष्ट्रीय धोरण लहान शाळांची अडचण मांडताना २०१६-१७ मधल्या १,०८,०१७ एकशिक्षकी शाळांचा आकडा देतं, आणि विलीनीकरणाचे समर्थक तेवढाच उतारा वाचून दाखवतात. त्याच प्रकरणात पुढं म्हटलंय की विलीनीकरण अतिशय विवेकानं, मुलांच्या शाळेपर्यंत पोचण्यावर परिणाम होत नसेल तरच करावं, आणि तसं केल्यानं मूळ अडचण सुटणारही नाही. पान उलटायचे कष्ट तेवढे घ्यायला हवेत.

माझ्या केंद्रातल्या एका वाडीच्या शाळेची माहिती वरून मागवली होती. जवळची दुसरी शाळा किती अंतरावर, असा रकाना होता. नकाशावर मोजून कुणीतरी आधीच १.२ किलोमीटर भरलं होतं. ते हवाई अंतर. मधे घळ आहे. घळीला वळसा घालून मी चाललो तेव्हा सव्वा तास लागला, तोही मेमध्ये. जूननंतर ओढ्यावरचा साकव पाण्याखाली जातो. मी १.२ वर रेघ मारून ‘पावसाळ्यात रस्ता नाही’ असं लिहिलं. आठवड्यानं कागद परत आला. शेरा होता: रकान्यात फक्त अंक भरावा.